कुत्रं जेवलं नाही, तर त्याच दिवशी



आपल्या कोरेगाव भागात बेंदराला बैलांना अंघोळ घालतात, शिंगं रंगवतात, पुरणपोळीचा घास भरवतात. गाय आटली, म्हैस चारा खाईना, की आपण लगेच डॉक्टरांना फोन लावतो, कारण तिच्यावर घर चालतं. पण रात्रभर दार राखणारं कुत्रं जेवलं नाही, तर आपण काय म्हणतो? "बाहेर काहीतरी खाल्लं असेल, होईल बरं." आज मी बोलणार आहे ते या "होईल बरं"बद्दल.

आमच्याकडं अडीच महिन्यांचं एक पिल्लू होतं. ऊसतोडीचे दिवस होते, घरात कुणाला सवड नव्हती. पिल्लानं एका सकाळी खाल्लं नाही, संध्याकाळी उलटी केली. सासूबाई म्हणाल्या, नजर लागली. मी ताक पाजलं. दुसऱ्या दिवशी जुलाब सुरू झाले, मग मी घरातली माणसाची गोळी अर्धी करून दिली. तिसऱ्या दिवशी जुलाबात रक्त दिसलं आणि वास असा, की जवळ जाववेना. चौथ्या दिवशी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मानेवरचं कातडं चिमटीत धरून सोडलं, तर ते तसंच उभं राहिलं. अंगातलं पाणी संपलं होतं. सलाईन लावलं, पण रात्री पिल्लू गेलं. शाळेतून आलेल्या लेकीला काय सांगायचं, तेच मला कळेना.

त्या आजाराचं नाव पार्व्हो. डॉक्टरांनी तेव्हा समजावलं ते मी विसरलेले नाही. हा विषाणूचा आजार आहे आणि त्या विषाणूला मारणारं औषध नाही. डॉक्टर सलाईननं अंगातलं पाणी टिकवतात, उलटी थांबवतात, दुसरा जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून इंजेक्शन देतात. तेवढ्या वेळात पिल्लाचं शरीर आजाराशी लढतं. म्हणजे पहिल्या दिवशी नेलं तर लढायला बळ असतं, चौथ्या दिवशी नसतं. हा विषाणू अंगणातल्या मातीत कित्येक महिने टिकतो. म्हणून लस न घेतलेलं दुसरं पिल्लू लगेच त्याच जागी आणायचं नाही. लस दीड ते दोन महिन्यांचं झाल्यावर सुरू होते आणि पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा द्यावी लागते. एकदा टोचलं म्हणजे झालं, असं नाही.

दुसरा त्रास गोचिडांचा. गोठा आणि कुत्रं शेजारी असलं की गोचीड आलाच. तो नुसतं रक्त पीत नाही, रक्तात आजार सोडतो. कुत्रं सुस्त पडतं, ताप येतो, कधी नाकातून रक्त येतं, लघवी तांबडी-काळपट होते. घरी एक तपासणी करता येते. ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी असतील तर ठीक. पांढुरक्या किंवा पिवळ्या दिसल्या तर थांबू नका. डॉक्टर रक्ताचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि आजार ओळखून औषध देतात. काहींना तीन-चार आठवडे गोळ्या चालतात. दोन दिवसांत शेपूट हलवायला लागलं म्हणून गोळ्या बंद करू नका. गोठ्यात मारायचं औषध अंदाजानं कुत्र्याच्या अंगावर ओतू नका. ते अंग चाटतं आणि विषबाधा होते. गोचीड भिंतीच्या भेगांत अंडी घालतो, तेव्हा त्या भेगाही लिंपून घ्या.

खरजेला गाडीचं काळं ऑईल लावायची पद्धत अजून आहे. त्यानं कातडी भाजते आणि पोटात गेलं तर आणखी नुकसान. डॉक्टर कातडी थोडी खरवडून तपासतात, कारण प्रत्येक खाज म्हणजे खरूज नसते.

आता आपल्या डब्यातल्या गोळ्या. तापाची पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. अंगदुखीच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होतात. आणि शेजारच्या सांगली-तासगावकडून बेदाणा घरोघरी येतो, तो लाडानं कुत्र्याला घालू नका. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरतात.

शेवटचं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, रेबीज. कुत्रं पिसाळलं की त्याला उपचार नाही. माणसातही लक्षणं दिसल्यावर जीव वाचणं जवळपास अशक्य असतं. पण त्याआधी लस घेतली तर हा आजार टाळता येतो. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस द्या. पुढचे डोस डॉक्टर सांगतील त्या तारखेला द्या. घरचं कुत्रं एकाएकी चिडकं झालं, लाळ गाळायला लागलं, पाणी गिळेना, तर घशात हाड अडकलं म्हणून तोंडात हात घालू नका.

आणि चावलंच, तर जखमेला चटणी, चुना, हळद काही लावायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं. घरचंच आहे, लहान पिल्लू आहे, नुसतं ओरबाडलंय, असं म्हणून घरी बसू नका. इंजेक्शनं सगळी पूर्ण करा. मुलं मारतील या भीतीनं सांगत नाहीत, म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवा, की चावल्यावर कुणी रागावणार नाही.

आमच्या बचत गटाच्या वहीत आता हप्त्यांच्या पानामागं एक पान वाढलंय. कुणाच्या दारात कुत्रं आहे आणि लस कधी दिली, ते त्यावर लिहितो. तारीख जवळ आली की बैठकीत आठवण करतो आणि चार-पाच जणी मिळून एकाच गाडीतून कुत्री नेतो. भाडं वाटून घेतलं की जड जात नाही. तुमच्या गटातही हे एक पान सुरू करा.

आमच्या दारात आता पुन्हा एक पिल्लू आहे, लशी पूर्ण झालेलं. परवा त्यानं सकाळची भाकरी हुंगून सोडली. मी हातातलं पीठ धुतलं आणि आधी त्याच्या हिरड्या बघितल्या.