गाण्यात आपलं नाव घालायची जागा



अध्यक्षानं सुरुवातीला आपली अपात्रता सांगायची, ही आपल्या संमेलनांची जुनी रीत. माझी अपात्रता मात्र खरीखुरी आहे. मला गाता येत नाही. बहिणी भोंडल्याचा फेर धरायच्या तेव्हा मी भिंतीला टेकून खिरापतीच्या डब्यावर नजर ठेवून असायचो. लोकसंगीताशी माझं नातं आहे ते तेवढंच, भिंतीलगतचं.

पटेल ब्रदर्सचं पहिलं किराणा दुकान शिकागोतल्या याच डेव्हन ॲव्हेन्यूवर १९७४ साली उघडलं. मी आलो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. तेव्हा तूरडाळीच्या पिशवीबरोबर इथून कॅसेटही घरी जायच्या. 'मराठी लोकगीते' असं छापलेली एक कॅसेट मी घेतली होती. तिच्यात एकनाथांचं एक भारूड होतं आणि 'पिंजरा'तली एक लावणी. एकाचा कर्ता सोळाव्या शतकातला पैठणचा संत, दुसरीचे कर्ते १९७२च्या चित्रपटाचे गीतकार जगदीश खेबुडकर. दोघांचीही नावं सगळ्यांना ठाऊक. मग यांतलं लोकगीत कोणतं? 'कर्ता अज्ञात' ही शाळेत पाठ केलेली खूण इथं चालेना. 'जुनं ते लोकगीत' म्हणावं, तर लावणी माझ्यापेक्षा लहान.

हा घोळ जाणकारांनाही चुकलेला नाही. आंतरराष्ट्रीय लोकसंगीत परिषदेनं १९५४ साली ब्राझीलमधल्या साओ पाउलोत एक व्याख्या केली. तिनं तीन गोष्टी धरल्या: भूतकाळाशी जोडणारं सातत्य, गाणाऱ्यामुळे होणारा बदल आणि काय टिकवायचं याची समाजानं केलेली निवड. एखादं गाणं कुणी एकट्यानं रचलेलं असलं तरी चालेल, असंही तिनं मान्य केलं. अट एवढीच, की लोकांनी ते आपल्या हातानं पुन्हा घडवायला हवं. तयार घेतलं आणि तसंच ठेवलं, तर ते लोकसंगीत नाही. पुढं याच परिषदेनं १९८१ साली आपल्या नावातला 'लोक' काढून 'पारंपरिक' हा शब्द घातला. व्याख्येपेक्षा नाव बदलणं सोपं असतं, आपल्या मंडळांनाही याचा अनुभव आहे.

मला ही व्याख्या पटते, कारण तिचा पुरावा जात्यावर आहे. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. इतक्या ओव्या कशा होतात? चाल तीच, राम-सीता तीच, पंढरीची वाट तीच. पण दळणारी बाई त्यात आपल्या भावाचं नाव घालते, आपल्या गावाचं घालते, सासूला टोमणा मारते. साचा पिढ्यांचा आणि मधली जागा तिची. पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, तरी बायकांना ओव्या येत होत्या, आणि त्या आठवल्या म्हणूनच ध्वनिमुद्रित होऊ शकल्या.

परदेशी आलेल्या माणसांनी गाणी कशी जपली, याचं या शहरातलं उदाहरण आपलं नाही, आयरिश आहे. फ्रान्सिस ओनील १९०१ ते १९०५ या काळात शिकागोचे पोलीसप्रमुख होते. जन्म आयर्लंडमधल्या कॉर्क परगण्यातला. इथं स्थायिक झालेल्या आयरिश वादकांकडून, त्यांत त्यांच्याच खात्यातले शिपाईही आले, त्यांनी सुरावटी जमवल्या. स्वतःला स्वरलिपी लिहिता येत नव्हती, तेव्हा जेम्स ओनील नावाच्या सहकाऱ्यानं ती लिहून घेतली. त्यांच्या १९०३च्या ग्रंथात १,८५० सुरावटी आहेत. १९०७ साली आलेल्या दुसऱ्या ग्रंथाला तर खुद्द आयर्लंडमधले वादक नुसतं 'पुस्तक' म्हणू लागले. मायदेशानं आपलं संगीत शिकागोकडून परत घेतलं! मात्र पुस्तक समोर ठेवूनही प्रत्येक वादक आपल्या हातची मुरकी त्यात घालतोच.

आता आपल्याकडे बघू. शिकागोत एकाच फेरात पुण्याची बाई 'भोंडला' म्हणते, कोल्हापूरची 'हादगा', जळगावची 'भुलाबाई'. कारल्याच्या वेलाचं गाणं निघालं की प्रत्येकीची सासू वेगळी परवानगी मागायला लावते, कुणाच्या गाण्यात सासऱ्याला विचारायचं असतं, कुणाच्या गाण्यात नणंदेलाही. एके वर्षी यावरून इतका वाद झाला, की एका उत्साही कार्यकर्त्यानं 'अधिकृत' गाण्यांची पीडीएफ काढली. हेतू चांगलाच होता. पण आता फेरातल्या दहा जणी एका हातानं शेजारणीचा हात धरतात आणि दुसऱ्या हातात फोन. वाद मिटला आणि त्याबरोबर कोल्हापूरची सासूही गेली. लावणीचंही तेच. ध्वनिमुद्रित गाणं लावून, चित्रफितीतल्या हातवाऱ्यांसकट नाच बसवला जातो. मुली मेहनत करतात, मी टाळ्या वाजवतो. पण त्याला लोककला म्हणताना जीभ अडखळते.

उलट गेल्या वर्षी एका घरी मंगळागौरीला एका मुलीनं उखाण्यात लेक शोर ड्राइव्हवरची बर्फात अडकलेली गाडी आणली. यमक जरा ओढूनताणून होतं. आजी लोक हसून बेजार झाल्या. ती मुलगी मराठी वाचू शकत नाही.

इथून दोन-अडीच मैलांवर ओल्ड टाउन स्कूल ऑफ फोक म्युझिक आहे, १९५७ साली सुरू झालेली. तिथं वर्ग संपल्यावर नवशिके आणि मुरलेले सगळे एकत्र बसून वाजवतात, ही पद्धत सुरुवातीपासूनची आहे. चुकणाऱ्यालाही त्यात जागा असते. आपल्या रंगीत तालमींमध्ये ती नसते.

म्हणून कार्यकारिणीला मी एक विनंती केली आणि त्यांनी ती कुरकुरत मान्य केली. दुपारच्या सत्रात भोंडल्यासाठी पाटावर हत्ती काढलेला आहे, फोन दाराशी टोपलीत ठेवायचे आहेत. कडवं विसरलं तर तिथंच नवं जोडावं. सासूबद्दल काय म्हणायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. माझ्या पत्नीला मात्र जपून गायला सांगितलं आहे, कारण माझी आई पहिल्या रांगेत बसली आहे.

आणि खिरापतीचा डबा कुणी आणलाय ते मला कळलं आहे. भिंतीलगत बसणाऱ्याला वास आधी येतो. त्यात काय आहे ते मी सांगणार नाही, तुम्ही ओळखा.