पानाचा पैसा पानाच्या गावाला



दूरदूरच्या मंडळांचं आपलं हे संमेलन नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅममध्ये भरलं आहे.

हे गाव तंबाखूवर वाढलं. ड्यूक घराण्याने सिगारेटींवर कमावलं आणि त्याच पैशातून इथलं विद्यापीठ उभं केलं. १९८७ साली अमेरिकन टोबॅकोचा कारखाना बंद पडला, तेव्हा डरहॅमला सावरायला ते विद्यापीठ होतं, शेजारी संशोधन संस्थांचं रिसर्च ट्रँगल पार्क होतं. आपल्यापैकी बरेच जण तिथल्या नोकऱ्यांमुळेच इथले झाले. पूर्वेकडच्या खेड्यांना मात्र असा आधार नव्हता. तंबाखूचं पान पिकत होतं ते त्यांच्या शेतात आणि वाळत होतं त्यांच्या भट्ट्यांत.

१९९८ मध्ये सिगारेट कंपन्यांनी ४६ राज्यांशी तडजोड केली आणि दरवर्षी भरपाई द्यायचं कबूल केलं. अनेक राज्यांनी तो पैसा अंदाजपत्रकातली तूट भरायला वापरला. नॉर्थ कॅरोलिनाने १९९९ मध्ये गोल्डन लीफ फाउंडेशन स्थापन करून आपल्या वाट्यातला निम्मा पैसा तिच्याकडे वळवला. ही संस्था रॉकी माउंटला बसते, राजधानीत नाही; मला हे फार आवडतं. तिच्या अनुदानांतून तंबाखूवर जगलेल्या काउंट्यांमध्ये कारागिरांचं प्रशिक्षण झालं, ब्रॉडबँड गेलं, खेड्यांतल्या मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या.

सगळंच साधलं असं नाही. २००८ मध्ये किन्स्टनला विमानाचे भाग बनवणाऱ्या एकाच कारखान्यासाठी तिने दहा कोटी डॉलर दिले आणि कबूल केलेल्या नोकऱ्या काही मुदतीत भरल्या नाहीत. एवढी रक्कम एका दावणीला बांधायला नको होती, असं माझं स्पष्ट मत आहे. इथे बसलेले काही जण असहमत असतील. दुपारच्या सत्रात भांडू.

तंबाखूचं हे दुखणं आपल्यालाही अनोळखी नाही; आपल्यात निपाणीकडची मंडळी आहेत. १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तिथे शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला होता. वखारींत तंबाखूच्या धुळीत राबणाऱ्या बायांना तर भावातलंही काही मिळणार नव्हतं. आपली मंडळं शाळेला, दवाखान्याला सढळ हाताने देतात. अशा बाईला दुसरा रोजगार उभा करायला देणगी मागितली, की आपण आधी ताळेबंद मागतो. या दोन दिवसांत त्यावर बोलायचं आहे.

रॉकी माउंटची बस उद्या सकाळी आठला सुटेल. आणि आज जेवणात रताळ्याचा कीस आहे. अमेरिकेत सर्वांत जास्त रताळी याच राज्यात पिकतात.