गावाला निघण्याआधी माशांचे औषधपाणी



आज आम्ही माशांविषयी बोलणार आहोत. ताटातल्या नव्हे, काचेच्या टाकीतल्या. वर्धा शहर आपल्या सावंगीला येऊन टेकले, तसे शहरातले शौकही आपल्याकडे आले. पोरं हट्ट धरतात आणि घरात फिश टँक येतो. येऊ द्या, त्यात वाईट काही नाही. पण जीव पाळला की त्याचे दुखणेखुपणेही पाहावे लागते. बैल आजारी असला तर आपण त्याला तसाच टाकून लग्नाला जातो का? मग आजारी मासा टाकून कसे जायचे?

माशांचा एक नेहमीचा रोग आहे. अंगावर, पंखांवर, शेपटीवर पांढरे ठिपके दिसतात. जणू कोणी बारीक रवा भुरभुरला. मासा दगडाला अंग घासतो. पंख मिटून कोपऱ्यात बसतो. खाणे सोडतो. रोग कल्ल्यांत शिरला, म्हणजे पाण्याच्या वर येऊन तोंडाची उघडझाप करतो. कारण माशाचा श्वास कल्ल्यांतून चालतो.

कोणी म्हणेल, माशाला देवी आल्या. या देवी नव्हेत. प्रत्येक ठिपक्यात एक बारीक जीव बसलेला असतो आणि तो माशावर जगतो. 1876 साली फूके नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने या जीवाचे वर्णन केले. त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थ ‘पुष्कळ लेकरांची माशाची ऊ’ असा होतो. नाव अगदी नेमके आहे. ते कसे, पाहा.

हा जीव माशाच्या कातडीखाली शिरून खातो आणि वाढतो. पोट भरले की मासा सोडून तळाशी पडतो. तिथे स्वतःभोवती कवच करतो. आत एकाचे दोन, दोनाचे चार असे होत होत शेकडो पिल्ले होतात. कवच फुटते. पिल्ले पोहत निघतात आणि मासा शोधतात. एकदोन दिवसांत मासा मिळाला नाही, तर ती मरतात. मिळाला, तर पुन्हा पहिल्यापासून सुरू. ऊबदार पाण्यात हा फेरा चारसहा दिवसांत पुरा होतो. थंड पाण्यात त्याला कित्येक आठवडे लागतात.

आता मुख्य गोष्ट ध्यानात घ्या. जीव कातडीखाली आहे, तोवर औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. कवचात आहे, तोवरही पोचत नाही. औषध मारते ते फक्त पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणून आज औषध घातले आणि उद्या गाडीत बसलो, असे चालत नाही. ठिपके गेले म्हणजे रोग गेला, असेही नाही. ते जीव तळाशी लेकुरवाळे होऊन बसलेले असतात. आपण आठ दिवसांनी परत येतो, तो टाकीत मेलेले मासे तरंगताना दिसतात! क्षयरोग्याला बरे वाटले तरी डॉक्टर महिनोन्‌महिने गोळ्या चालूच ठेवायला सांगतात. इथेही तसेच.

तेव्हा हिशेब असा करा. गावाला जायच्या निदान पंधरा दिवस आधी मासे नीट निरखून पाहा. थंडीच्या दिवसांत महिनाभर आधी पाहा. ठिपका दिसला की त्याच दिवशी उपचार सुरू करा.

साधे औषध म्हणजे मीठ. जाडे, आयोडीन नसलेले. एक लिटर पाण्याला 2 ग्रॅम. टाकीत 40 लिटर पाणी असेल, तर 80 ग्रॅम झाले. ते एकदम ओतायचे नाही. तीन भाग करा. एकेक भाग तांब्याभर पाण्यात विरघळवा आणि दीड दिवसात तिन्ही भाग हळूहळू घाला. खवले नसलेल्या माशांना आणि काही पाणवनस्पतींना मीठ सोसत नाही. तसे मासे असतील, तर आधी जाणत्याला विचारा.

एक दिवसाआड रबरी नळीने तळाचा गाळ ओढून काढा. त्याबरोबर कवचेही जातात. 10 लिटर पाणी काढले, तर 10 लिटर नवे घाला आणि त्यात 20 ग्रॅम मीठ घाला. पण पाणी वाफ होऊन आटले असेल, तर नुसते पाणी घाला. पाणी उडते, मीठ उडत नाही. नळाचे पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत काढून ठेवा, म्हणजे त्यातला क्लोरीन निघून जातो. शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर उपचार सोडू नका. मग थोडेथोडे पाणी बदलून मीठ कमी करा.

दुकानातली बाटली आणली, तर तिच्यावरचे प्रमाण वाचा. दोन औषधे एकत्र करू नका. निघायच्या आठवड्यात नवा मासा आणू नका. नवा मासा एरवीही दोनतीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवावा. घाईत विकत घेतलेला रोग फार महाग पडतो.

मासे बरे झाले, आता निघायचे. धडधाकट मोठा मासा चारपाच दिवस खाण्यावाचून राहू शकतो. शेजारी मात्र दया येऊन मूठभर खाणे टाकतो. ते कुजते, पाणी नासते आणि मासे मरतात. म्हणून दर दिवसाची वेगळी पुडी बांधा. पुडीवर वार लिहा. एका कागदावर लिहून ठेवा : ‘एक पुडी एका दिवसाला. जास्त नाही. वीज गेली तर तांब्याने पाणी वरून ओतून हालवा.’ आता तुम्हांला लिहिता येते. मग तोंडी सांगण्यावर कशाला सोडता? मासे अजून आजारी असतील, तर माहीतगार माणूस घरी ठेवा, नाही तर जाणे पुढे ढकला.

एक गोष्ट मात्र कोणी करू नये. काही जण निघताना आजारी मासे तळ्यात किंवा नाल्यात सोडतात आणि म्हणतात, सुटले बिचारे, पुण्य लागले. हे पुण्य नव्हे. तळ्यात कटला, रोहू, मृगळ असतात. हा रोग त्यांनाही होतो. त्या माशांवर ढिवर-भोई बांधवांच्या चुली पेटतात. मत्स्यबीज त्यांनी पैसे मोजून आणलेले असते.

तळ्याला मीठ घालू म्हणाल, तर गणित करा. अडीच एकरांचे तळे, मीटरभर पाणी, म्हणजे सुमारे एक कोटी लिटर. लिटरला 2 ग्रॅम धरले, तर मीठ लागेल 200 क्विंटल! कोण आणणार? टाकीतला रोग चिमूटभर मिठात आवरतो. तळ्यात गेला की कोणाच्याच हाती राहत नाही.

म्हणून मेलेला मासा पुरा. त्या टाकीची जाळी आणि बादली उन्हात खडखडीत वाळवा. अडले तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. नागपूरला मत्स्य विज्ञान महाविद्यालयही आहे. विचारायला लाजू नका.

प्रवासाची तयारी करताना आपण कुलूप पाहतो, दागिने पाहतो. पंधरा दिवस आधी टाकीही पाहा. मुका जीव आपल्या भरवशावर आहे, आणि तळ्यावर पोट भरणारा शेजारीही.