कालचा आकडा आजच्या पावसात

मागच्या महिन्यात मंडळाच्या कार्यक्रमात एक काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अरे, आमच्या नातवाला डांबराच्या प्लांटवर टेक्निशियनची नोकरी मिळतेय. लोकांना सांगायचं तरी कसं?" मी म्हटलं, काकू, रेडिओवर मीच सांगतो. कारण या कामाने माझी एमबीएची ऐट एका सकाळी उतरवली आहे.

मी आयटी कन्सल्टंट. काही वर्षांपूर्वी इकडे मिडवेस्टमध्ये एका रस्ते बांधणाऱ्या कंपनीचं काम मिळालं. प्लांटवरच्या तपासणीच्या नोंदी कागदावरून टॅबलेटवर आणायच्या होत्या. तिथे साठीला टेकलेले एक गृहस्थ होते. छोटा प्लांट, त्यामुळे यंत्रांची देखभालही त्यांच्याकडे आणि मालाची तपासणीही. पहाटे साडेचारला हातात टॉर्च घेऊन पट्ट्याखाली वाकलेले दिसायचे. बेअरिंगचा आवाज बदलला तर त्यांना लांबून कळायचा. ड्रममध्ये शिरायचं असेल तर आधी वीज तोडून तिथे स्वतःचं कुलूप लावायचे आणि किल्ली खिशात. दुसऱ्या कोणाच्या भरवशावर आत जायचं नाही, हा इथला नियमच आहे.

काम समजायला सोपं आहे. खडी आणि वाळू पट्ट्यावरून मोठ्या फिरत्या ड्रममध्ये जाते, बर्नरच्या आचेवर सुकते, तिच्यात गरम डांबर मिसळतं आणि साधारण १५० अंश सेल्सिअसचा माल ट्रकमध्ये पडतो. शंभर किलो मालात डांबर जेमतेम पाच-सहा किलो. पण सगळी गंमत त्या पाच-सहा किलोत आहे. कमी पडलं तर खडी सुटते, जास्त झालं तर उन्हाळ्यात रस्ता मऊ पडून चाकांच्या चऱ्या उमटतात. म्हणून ट्रकमधून नमुना घ्यायचा, ५३८ अंशांच्या भट्टीत ठेवून डांबर जाळून टाकायचं आणि वजन किती घटलं ते बघायचं. उरलेली खडी एकाखाली एक लावलेल्या चाळण्यांतून चाळायची. दुसऱ्या नमुन्याची यंत्रात दाबून १५० मिलिमीटर व्यासाची वडी पाडायची आणि तिच्यात हवेची पोकळी किती राहिली ते काढायचं. साधारण ४ टक्के हवी.

आता माझी करामत ऐका. दररोज सकाळी खडी-वाळूतल्या ओलाव्याचा आकडा भरावा लागतो. त्यासाठी नमुना तोलायचा, सुकवायचा, परत तोलायचा. मी विचार केला, रोज काय तेच टाइप करायचं? फॉर्म उघडला की कालचा आकडा आपोआप येईल, अशी सोय केली. एक बटण दाबलं की तो कंट्रोल रूमला रवाना. सादरीकरणात त्यावर एक खास स्लाइडसुद्धा होती. त्या गृहस्थांनी तेव्हाच विचारलं होतं, "आणि पाऊस पडला तर?" मी म्हटलं, तेव्हा बदला की.

आणि एका रात्री धो धो पाऊस पडला. सकाळी हे गृहस्थ धूळ पकडणाऱ्या यंत्राच्या दुरुस्तीत अडकलेले, फॉर्म भरायला बसला नवा मुलगा. त्याने समोर आलेला आकडा तसाच पाठवला, २ टक्के. ढिगात खरा ओलावा होता ७.

नारळाच्या वड्या करणाऱ्यांना हे लगेच समजेल. पट्ट्यावर १०० टन माल तोलला गेला. कॉम्प्युटरला वाटलं, त्यात ९८ टन कोरडी खडी आहे. प्रत्यक्षात होती ९३. पाणी ड्रममध्ये उडून गेलं, पण डांबर पडलं ९८ टनांच्या हिशोबाने. ५.६ टक्के हवं होतं, भट्टीतून आलं ५.९. पोकळी ४ वरून ३ च्या आसपास. तोवर अकरा ट्रक निघून गेलेले.

माझ्या डॅशबोर्डवर सगळं हिरवंच होतं. आकडा मर्यादेच्या अगदी काठावर, पण आत. कोणी काही बोललं नसतं. एकाने सुचवलंही, दुसरा नमुना घेऊन बघू, कदाचित बरा येईल. हे गृहस्थ म्हणाले, "दुसरा घेऊ, पण पहिला खोडायचा नाही." त्यांनी प्लांट थांबवला, ढिगातली वाळू स्वतः सुकवून तोलली, ७ चा आकडा घातला आणि पहिल्या नमुन्याची नोंद जशीच्या तशी पाठवली. पुढे त्या तुकड्याचे गाभे काढून तपासले गेले आणि कंपनीला त्या मालाचे पैसे कमी मिळाले. चूक कोणाची, असं वरून विचारणा करणारा ईमेल आला, तेव्हा मला लिहावं लागलं की रकाना मी भरून ठेवला होता.

आपल्या पुण्याचा जंगली महाराज रस्ता आठवतो ना? १९७० च्या दशकात रेकॉन्डो कंपनीने तो हॉट मिक्स पद्धतीने केला आणि १० वर्षांची हमी दिली. त्या रस्त्याचं कौतुक आपण अजून करतो. अशी हमी पाळायची तर रोज सकाळी कोणीतरी ओली वाळू तोललेली असावी लागते, हे मात्र माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

तर काकू, नातवाला सांगा, बहुतेक राज्यांत परिवहन खात्याचं प्रमाणपत्र लागतं, त्याची परीक्षा असते. अपूर्णांक आणि टक्केवारी पक्की करायला लावा. उन्हाळ्यात ओव्हरटाइम भरपूर, घरी जेवायला वेळेवर येईल याची खात्री नाही. इथे थंडीत रस्त्याचं काम बंद पडतं, तेव्हा काही ठिकाणी यंत्रदुरुस्ती चालते, काही ठिकाणी घरी बसवतात. ते आधी विचारून घ्या. अंगाला वास येतो, कपडे वेगळे धुवावे लागतात.

माझा तो रकाना आता रोज सकाळी कोरा उघडतो. ते गृहस्थ निवृत्त झाले, पण मोठा पाऊस झाला की अजून मेसेज करतात, "कोराच आहे ना?"