कॉलमच्या रिंगा

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मला पाच मिनिटे दिली आहेत. आठवणी सांगायला इतर बरेच जण आहेत, म्हणून मी खाली पार्किंगमधल्या कॉलमविषयी बोलणार आहे. मी इंजिनिअर नाही. जन्मभर बँकेत आकडे तपासले. पण ऑडिट झाले तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनिअरसाहेबांच्या मागे मागे फिरलो आणि नंतर थोडे वाचलेही.

काँक्रीट दाबाला भक्कम, असे आपण समजतो. ते खरेच आहे, पण वरून दाबले की ते बाजूंना फुगते. फुगले की आत उभ्या बारीक भेगा पडतात, त्या वाढत जातात आणि शेवटी काँक्रीट उभे चिरून फुटते. आता त्याला बाजूंनी आवळून धरले तर? भेगांना उघडायला जागाच उरत नाही. बँकेत आम्ही नाण्यांच्या पिशव्या एकावर एक रचायचो. सुट्या नाण्यांचा ढीग असा रचून दाखवा बरं! नाणी तीच, फरक पिशवीचा.

१९२८ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात रिचर्ट आणि सहकाऱ्यांनी काँक्रीटचे नमुने चहूबाजूंनी तेलाच्या दाबात ठेवून वरून दाबून पाहिले. बाजूने जेवढा दाब द्यावा, त्याच्या साधारण चौपट ताकद वाढते असे निघाले. म्हणजे चौरस सेंटीमीटरला २०० किलो पेलणाऱ्या काँक्रीटला बाजूंनी २० किलोने आवळले, तर ते २८० पर्यंत जाते. मला त्याहून महत्त्वाची वाटली ती दुसरी गोष्ट. आवळलेले काँक्रीट एकदम फुटत नाही, बरेच दबते आणि तरीही भार धरून ठेवते. भूकंपात माणसाला जिन्यापर्यंत पोहोचायला तेवढेच हवे असते.

कॉलममध्ये हे आवळण्याचे काम रिंगा करतात. पण बैलगाडीच्या चाकाची धाव जशी तापवून बसवतात आणि ती गार होताना चाक आवळते, तसे रिंगेचे नाही. रिंग एरवी गप्प असते. काँक्रीट फुगू लागले की मग ती ताणली जाते आणि उलट दाबते. म्हणून ती जवळजवळ हवी आणि तिचे टोक आत, काँक्रीटच्या गाभ्यात वळवलेले हवे. टोक नुसते काटकोनात असले तर वरचा थर निघताच रिंग उघडते. भूकंपाचा विचार करून बांधायच्या इमारतींसाठी १९९३ च्या भारतीय मानकात कॉलमच्या टोकांपाशी रिंगांचे अंतर १०० मिलिमीटरच्या वर नको, असे होते. २६ जानेवारी २००१ ला भुजचा भूकंप झाला, तेव्हा दोनशेहून अधिक किलोमीटर लांब असलेल्या अहमदाबादेत इमारती कोसळल्या. त्यांत आपल्यासारख्याच, खाली पार्किंग असलेल्या, बऱ्याच होत्या.

आता आपले. रिंग सगळ्यात बाहेर असते आणि सगळ्यात बारीकही, म्हणून गंज आधी तिलाच धरतो. ८ मिलिमीटरची रिंग गंजून ६ ची झाली, तर दिसायला दोनच मिलिमीटर गेले, पण लोखंड जवळजवळ ४४ टक्के गेले! हिशेब घरी करून पाहा.

आणि एक कबुली. चार वर्षांपूर्वी पाण्याची लाइन टाकताना प्लंबरने ७ नंबरच्या कॉलमला खाच पाडली आणि मध्ये आलेल्या दोन रिंगा कापल्या. वर प्लास्टर करून रंग दिला. खजिनदार मीच होतो. काम स्वच्छ दिसले, बिलावर सही केली. ऑडिटमध्ये तो कॉलम उघडला तेव्हा कळले.

आपल्याकडे दोन कोटेशन्स आली आहेत. स्वस्त आहे त्यात पोपडे काढून प्लास्टर आणि रंग एवढेच आहे. महाग आहे त्यात आधी टेकू देऊन, गंज काढून, नव्या रिंगा घालून कॉलमला बाहेरून काँक्रीटचे जॅकेट आहे. कॉलम थोडे जाड होतील, दोन-तीन गाड्यांची जागा अडचणीची होईल. त्यात माझीही गाडी आहे. मी महाग कोटेशनच्या बाजूने मत देणार आहे.

रविवारी सकाळी ९ वाजता इंजिनिअरसाहेब ७ नंबरच्या कॉलमपाशी येणार आहेत. उघडी रिंग ज्यांना डोळ्यांनी पाहायची असेल त्यांनी यावे, आणि त्या बाजूच्या गाड्या शनिवारी रात्रीच काढून ठेवाव्यात.