रस्ता मोजणाऱ्यांसोबत

मी समाजकार्य शिकलेली. वाहतूक नियोजनाचे पदव्युत्तर विद्यार्थी आमच्या वस्तीत सर्व्हेला आले, तेव्हा त्यांच्याबरोबर फिरले आणि त्यांची पुस्तकंही चाळली. त्यात एक माप आहे, ‘पॅसेंजर कार युनिट’. रस्त्याची जागा कोण किती अडवतं याचं. मोटार एक, सायकल अर्धी, बस साधारण तीन. म्हणजे एकटा साहेब बसलेली मोटार एक, आणि पन्नास जणींना नेणारी बस तीनच! पण हा हिशेब मांडतं कोण? पायी चालणारी बाई तर त्या तक्त्यात नाहीच. तिची मोजणी वेगळी, केली तर. वाहनं नव्हे, माणसं हलवा, असं केंद्राचं २००६ चं नागरी परिवहन धोरण सांगतं.

फॉर्मवर प्रश्न होता, काल कुठे गेलात? बाई म्हणाली, “कुठं नाय, घरीच.” मी खोदून विचारलं. पाणी, बालवाडी, रेशन, धुण्याभांड्याची दोन घरं, परत बालवाडी. सगळं पायी. मुलानं विचारलं, “मॅडम, हे सगळं लिहायचं?” लिही म्हटलं. फॉर्मवर चारच ओळी होत्या. उरलेलं त्यानं मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं.