पाऊस, वारा आणि अंगावरचा कोट

मृग लागला की आपली लगबग सुरू होते. बियाणे आणतो, खत भरतो, औताला फाळ बसवतो. बैलाच्या पाठीवर गोणपाट टाकायलाही विसरत नाही. पण ज्या अंगावर पुढचे तीन महिने पाऊस झेलायचा, त्या अंगाचे काय? तिथे मात्र हाताला लागेल तो प्लास्टिकचा कागद ओढायचा आणि शेताची वाट धरायची!

अलीकडे बाजारात वजनाला हलके, घडी करून पिशवीत मावणारे कोट मिळतात. कोणी त्याला विंडचीटर म्हणतो, कोणी रेनकोट. घरातली तरुण मुले ते हौसेने आणतात. आजोबा मात्र म्हणतात, "असल्या कागदाने कुठं थंडी राहते होय? आमची घोंगडीच बरी." मग खरे कोणाचे मानायचे? आज आपण त्याचाच विचार करू.

आधी माझीच फजिती सांगतो. नोकरीतला तो माझा पहिला पावसाळा. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या एका गावी नाचणीची लावणी पाहायला निघालो होतो. अंगात नवा कोरा हलका कोट. चढ चढताना चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली. वर पोचलो तेव्हा आतला सुती सदरा पिळून काढावा इतका ओला. मनात म्हटले, दुकानदाराने फसवले, कोट गळतोय. शेताच्या बांधावर उभा राहून बोलू लागलो, तर पश्चिमेचा वारा असा काही लागला, की दहा-पंधरा मिनिटांत दातावर दात वाजू लागले. वहीत नोंद करायची तर बोटे वळेनात. तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांनी ते ओळखले. म्हणाले, "साहेब, आधी तो ओला सदरा काढा." घरी नेले, कोरडे घोंगडे अंगावर टाकले, चुलीपुढे बसवले आणि गुळाचा चहा दिला. तेव्हा कुठे जिवात जीव आला.

घरी आल्यावर तो कोट मी तपासला. पाठीच्या भागात खळगा करून तांब्याभर पाणी ओतले आणि अर्धा तास ठेवले. खालून एक थेंबही पाझरला नाही! म्हणजे कोट गळत नव्हता. मीच आतून घामाने भिजलो होतो.

मंडळी, यातच सगळे मर्म आहे. पावसाळ्यात अंगाला तीन बाजूंनी जपावे लागते. वरून पाऊस, बाजूने वारा आणि आतून घाम. स्थिर हवेपेक्षा पाणी सुमारे २५ पट सहज उष्णता वाहून नेते. म्हणून ओले कापड अंगाला चिकटले की अंगाची ऊब निघून जाते, आणि वर वारा सुटला तर ती आणखी लवकर जाते. मग ते कापड पावसाने भिजलेले असो की घामाने.

आता हलक्या कोटाकडे वळू. हे कोट साधारण तीन प्रकारचे असतात. पहिला, नुसत्या दाट विणीच्या नायलॉनचा. तो वारा चांगला अडवतो. भुरभुर पावसात थेंब त्यावरून घरंगळतात, पण जोराची सर आली की थोड्या वेळात पाणी आत येते. दुसरा, आतून लेप दिलेला. हा पाऊसही अडवतो आणि वाराही, पण घाम आतच कोंडतो. तिसरा, घामाची वाफ बाहेर सोडणाऱ्या कापडाचा. तो महाग असतो. शिवाय वाफ बाहेर जायला बाहेरची हवा कोरडी हवी. कोकणात किंवा घाटमाथ्यावर आषाढात हवाच दमट असते, तिथे त्याचा म्हणावा तितका उपयोग होत नाही. तेव्हा किंमत पाहून भुलू नका.

आणि एक गोष्ट या तिन्ही कोटांना लागू आहे. नुसत्या कोटाला स्वतःची ऊब जवळजवळ नसते. ती आतल्या कपड्याने द्यायची असते.

आपल्या जुन्या वस्तूंचे गुण इथेच कळतात. घोंगडी लोकरीची. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा शोषून घेते, तरी लगेच ओली लागत नाही, आणि भिजल्यावरही थोडीफार ऊब धरते. पण मुसळधार पावसात ती जड होते आणि विणीतून वारा आत शिरतो. इरल्याचे तसेच. बांबूच्या कामट्यांचे, पानांनी शाकारलेले इरले पाठीवर घेऊन वाकले की पाणी दोन्ही अंगांनी निथळते, खालून हवा खेळती राहते आणि घाम कोंडत नाही. पण उघड्या सड्यावर वारा सुटला की तेच इरले सावरता सावरता नाकी नऊ येतात. म्हणून म्हणतो, आजोबाही खरे आणि नातूही खरा, पण दोघेही अर्धेच!

मग कोणत्या कामाला काय वापरावे?

भाताची लावणी करताना आपण तासन्‌तास वाकलेले असतो. कोट पाठीवर वर सरकतो, कमरेपाशी अंग उघडे पडते आणि गळ्यातून पाणी आत येते. शिवाय हात सतत चालू असल्याने घाम येतोच. अशा कामाला इरले किंवा डोक्यावरून पाठीवर सोडलेली खोळच चांगली.

गुरे राखायला माळावर किंवा सड्यावर जाणार असाल तर हालचाल कमी आणि वारा जास्त. तिथे आत लोकरीचा स्वेटर किंवा कांबळे आणि त्यावर हलका कोट घ्या. लोकर ऊब धरेल आणि कोट वारा-पाऊस अडवेल. ही जोडी सर्वांत उत्तम.

ओझे घेऊन चढ चढायचा असेल तर कोटाची चेन आधीच थोडी उघडी ठेवा. वर पोचून थांबलात की बंद करा. मी नेमके उलटे केले होते! मोटारसायकलवर समोरून वारा पाण्याला चेनच्या फटीतून आत ढकलतो. म्हणून चेनवर झाकणपट्टी असलेला कोट पाहून घ्या.

विकत घेताना शिवणी पाहा. कापड कितीही चांगले असले तरी सुईच्या भोकातून पाणी येतेच. आतून शिवणींवर पट्टी चिकटवलेली असेल तर तो कोट पसंत करा. कापड तोंडाला लावून फुंकर मारा. फुंकर पलीकडे गेली तर वाराही जाणार. कोट एक माप मोठा घ्या, म्हणजे आत लोकरीचे कपडे बसतील. लांबी गुडघ्यापर्यंत असावी, नाहीतर वरचे सगळे पाणी मांड्यांवर उतरते. किती पाणी, ते सांगतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. तासात २० मिलिमीटर पडला, तर अर्ध्या चौरस मीटरच्या पाठीवर १० लिटर पाणी पडते. एक भरलेली बादलीच म्हणा ना!

कोट घासून-आपटून धुऊ नका. चुलीजवळ वाळवू नका. सावलीत वाळवून खुंटीला सैल टांगा. ओला घडी करून ठेवला तर आतला लेप चिकट होऊन सुटतो. जुन्या शिवणींवर मेणबत्तीचे मेण घासले तर तेवढ्यापुरते काम भागते.

आता सर्वांत महत्त्वाचे. अंगाचे तापमान साधारण ३७ अंश सेल्सिअस असते. ते ३५ अंशांच्या खाली गेले की जिवाला धोका असतो. हुडहुडी थांबत नाही, हातातली वस्तू निसटते, बोलणे अडखळते, अशी चिन्हे दिसली की काम तिथेच थांबवा. "एवढी एक ओळ संपवू" असे म्हणू नका. माणसाला आडोशाला न्या, ओले कपडे काढा, अंग कोरडे करून घोंगडीत गुंडाळा आणि शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा द्या. दारू मुळीच देऊ नका. दारूने ऊब आल्यासारखे वाटते, पण अंगातली उष्णता उलट बाहेर जाते. माणूस गुंगू लागला आणि त्याची हुडहुडी आपोआप थांबली, तर बरे वाटले असे समजू नका. ते जास्त गंभीर आहे. लगेच आरोग्य केंद्रात न्या किंवा १०८ क्रमांकाला फोन करा.

लक्षात ठेवा:

१. कोट पाऊस-वारा अडवतो, ऊब लोकर देते.
२. वाकून करायच्या कामाला इरले किंवा खोळ, उभ्या वाऱ्यात कोट.
३. चालताना चेन सैल, थांबल्यावर बंद.
४. प्लास्टिकच्या पिशवीत एक कोरडा सदरा रोज बरोबर न्या.
५. पावसाळ्याआधी तांब्याभर पाण्याने कोट तपासा.

बंधू-भगिनींनो, गेलेले पीक पुढच्या हंगामात पुन्हा घेता येते. माणसाचे तसे नाही. बैलाच्या पाठीवर गोणपाट टाकाल, तेव्हा आपल्याही पाठीची आठवण ठेवा.